हसरं तळं आणि नारिंगी उजेड

वाचणारे, अशी जवळ सरक गं. दोन ओळी वाचून पान उलटायची तुझी खोड चांगली न्हाई.

आमचं गाव संतपूरकडचं. शेजारची अक्का हळ्ळीखेडची, घरात कन्नड बोलणारी. हिरव्याला ती 'हसिरु' म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते 'हसरं' ऐकू आलं. तेव्हापासून पाण्यावर हिरवी साय धरली की आम्ही म्हणतो, तळं हसरं झालं.

गेल्या उन्हाळ्यात तसंच झालं. आमची म्हैस गाभण, प्यायला तळ्यावरच जायची. माझी नात कलबुर्गीला पाण्यातल्या शेवाळावरच शिकते. तिला फोनवर सांगितलं, "तळं लई हसरं झालंय बघ." ती उदगीरला वाढलेली, तिला हे कुठून ठाऊक? "छान की आज्जी," म्हणाली. आठ दिवसांनी सुट्टीला आली, तळं बघितलं आणि माझ्यावरच डाफरली.

"हिरवं झालंय म्हणून सांगितलं कामून न्हाई?"

"तेच तर सांगितलं."

अक्का हसून म्हणाली, "मी हसिरुच म्हणलेलं. हसू हिच्या कानात हाय."

नातीनं कलबुर्गीला न्यायला बाटली भरली आणि तिथं काय करणार ते सांगितलं. पाणी बारीक कागदातून गाळायचं, कागदावर राहिलेल्या हिरव्या डागातून एकेक रंगाचा उजेड सोडायचा आणि कुठला रंग किती गिळला ते यंत्रावर बघायचं. डोळ्याला सगळं हिरवं सारखंच. निळा, तांबडा उजेड सगळीच शेवाळं खातात. पण एक निळसर शेवाळ नारिंगीही खातं, आणि त्यातलं काही विषारी निघतं.

मी म्हणलं, "म्हणजे ताटात काय उरलं ते बघून कोण जेवून गेलं ते ओळखायचं."

"व्हय, तसंच."

चार दिवसांनी तिचा फोन आला. नारिंगी खाल्लेला होता. "आज्जी, उजेडावरून नुसती जात कळते, विष हाय का न्हाई ते कळत न्हाई. पण म्हैस तळ्यावर सोडू नको."

"पाण्यातपण जात काढलीस का गं?" मी म्हणलं. ती हसली, पण म्हैस बांधायला लावलीच.

मग सगळा उन्हाळा बोअरच्या पाण्याच्या घागरी वाहिल्या. म्हशीनं आधी प्यालेल्या पाण्याची धाकधूक होतीच. म्हैस व्याली, रेडकू लगेच उठून आचळाला लागलं, तेव्हा कुठं मी खाली बसले.

पाऊस झाल्यावर दुसरी बाटली गेली. या खेपेला नारिंगी ताटात तसाच उरला होता. आता म्हैस परत तळ्यावर जाते. चीक संपला, पण दूध भरपूर हाय. ते आटायच्या आत एकदा येऊन जा गं.