मडकं आणि रिकामं पोतं

सेकेला मावशी थकलीय. ती स्वतः कबूल करणार नाही, म्हणून मी सांगतो. शनिवारी मडकी होडीत रचते आणि मातेमाच्या बाजाराला स्वतः वल्हवत नेते. रस्ता आहेच कुठे? आमच्या इकोम्बे गावाला डोंगर सरळ तळ्यात घुसलाय. काठापासून जरा पुढं गेलं की तळ लागत नाही.

वर हे पाणी आमचं नाहीच म्हणे. जर्मन न् इंग्रज साहेबांनी पूर्वी सरहद्दीची रेघ मारली ती आमच्या वाळूवरून, असं तळ्यापलीकडच्या देशातले म्हणतात. आमचं सरकार म्हणतं, मधोमध. मावशी म्हणते, "घोट्याएवढ्या पाण्यात मडकं धुवायला उतरले की मी परदेशात? मग चप्पल तरी घालू दे!"

पण तिची लेक अतुपेले खरंच पलीकडे गेली. कारोंग्याच्या माणसाबरोबर पळून. तेव्हा मावशी तोडून बोलली, "आता तू तिकडचीच." नंतर दोघी गप्प. एकीपेक्षा एक हट्टी.

यंदा मावशीनं एक मडकं गारगोटीनं घासून घासून चकचकीत केलं, पांढरे पट्टे ओढले आणि पलीकडे खेपा करणाऱ्या लुसाजोच्या बोटीतून लेकीला धाडलं. सोबत रिकामं पोतं. आमच्यात मडक्याची किंमत म्हणजे त्यात मावेल तेवढा मका. घरच्यांकडून मात्र दाणा घेत नाहीत. पोतं भरून आलं तर पोरगी गिऱ्हाईक झाली. संपलं.

मग वारा सुटला, बोट येईना. मावशीनं मातीला हात लावला नाही. नुसती काठावर बसून.

"आत चल ना, मावशी."

"तू जा. माझी कंबर बसलीय इथं."

शेवटी बोट आली. लुसाजो लांबूनच ओरडला, "काय लेक आहे गं तुझी! मडकं घेतलं, आत गेली. दाणा नाही, निरोप नाही. मला पाणीसुद्धा विचारलं नाही!"

"पोतं?"

"हे काय. रिकामं."

मावशीनं ते उलटं करून झटकलं. आतून पुन्हा झटकलं. काहीच पडलं नाही.

"बघितलंस? माजलीय पोरगी," लुसाजो म्हणाला.

"तू गप रे, गाढवा," मी म्हणालो.

मावशी पोतं उशाला घेऊन वाळूवरच आडवी झाली. पाय पाण्यात. भर दुपारी घोरायला लागली. मी उठवली नाही.