धुतलेली कोथिंबीर

सकाळच्या एसटीने नाशिक सोडलं. सायखेड्याला मावसबहिणीच्या मळ्यावर जायचं आणि सात वर्षांच्या लेकीसाठी, रेवासाठी, पिशवीभर ताजी भाजी आणायची, एवढाच बेत. तिच्या पोटात जंत निघाले होते. डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडे घरोघरी असतात. सगळ्यांनीच गोळी घ्या." घरोघरी? आमच्याकडे फिल्टरचं पाणी! मी सरळ हिराबाईंना कामावरून काढलं. पेठ तालुक्यातल्या हिराबाई दहा वर्षं आमचा स्वयंपाक करत होत्या. जंत त्यांच्याच हातून आले, असं सोसायटीभर सांगूनही झालं.

वाटेत द्राक्षबागा लागल्या, मग ऊस. गावात उतरून आधी गोदावरीवर गेले. चार बायका गुडघाभर पाण्यात कोथिंबिरीच्या जुड्या धूत होत्या. पाणी काळपट, कडेला फेस. वास ओळखीचा होता, आमच्या शहराचा.

"ह्या पाण्यात धुता?"

"मग? मातीची जुडी व्यापारी घेत नाय," एक हसली. "शहरात लय चकाचक लागतं."

"घरी हीच खाता?"

"नाय ओ! घरचा वाफा हिरीच्या पान्यावर हाय. हे पानी तर तुमच्याकडूनच येतं."

दुपारी बहिणीने पिठलं-भाकरी वाढली, वर कोथिंबीर. विहिरीवरचीच होती, तरी मी ती बोटाने बाजूला सारली. हिराबाई रोज जुडी मिठाच्या पाण्यात घालायच्या, पान न् पान चोळायच्या. मीच खेकसायचे, "धुतलेलीच आहे ना? फिल्टरचं पाणी किती वाया घालवता!" त्या गावी गेल्या की मी जुडी तशीच चिरायचे, आणि रेवा शेजारी बसून कच्ची देठं चघळायची. मला माझीच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी परतले, तर हिराबाई सोसायटीच्या फाटकातच भेटल्या. सगळं सांगितलं, माफी मागितली, परत या म्हटलं.

"रेवा बरी हाय ना?" त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाल्या, "नको, ताई. आता फरशी-भांडी करते. भाजीला हात लावू देत नाय कोणी."

डॉक्टरांच्या गोळीने रेवा बरी झाली होती. माझ्या जिभेने केलेल्या कामावर गोळी नव्हती. दोष हिराबाईंचा नव्हता, माझाच होता, हे सांगायला मी पहिल्या मजल्यापासून दारं वाजवायला सुरुवात केली. पहिल्याच घरी शेजारीणबाई पोह्यांवर कोथिंबीर पेरत होत्या.

"खरं असेल हो तुमचं," त्या म्हणाल्या, "पण उगाच कशाला रिस्क घ्यायची?" आणि बशी माझ्यापुढे केली.