न पाहिलेल्या विहिरीसाठी धुळ्याला

लोक धुळ्याला कोर्टाच्या तारखेला जातात, मुलगी बघायला जातात, ट्रकचे सुटे भाग आणायला जातात. मी चित्रपट पाहायला निघालो होतो, आणि तोही असा की जो मी दोन वर्षांपासून पाहिलेला होता.

हे नीट सांगायला हवं. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी जळगावात बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आमच्या चित्रपट मंडळाचा सर्वांत तरुण सभासद होतो. मंडळात दर रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं जमत आणि परदेशी चित्रपटांवर बोलत. चित्रपट क्वचितच दाखवले जात, कारण ते पुण्याहून पेट्यांतून मागवावे लागत आणि मागवलेल्या पेट्या येतच असं नाही. बोलायला मात्र पेट्या लागत नाहीत. त्यामुळे मंडळ जोरात चाललं होतं.

तिथे नव्या माणसाला नाव, गाव विचारत नसत. 'पाहिलाय?' एवढंच विचारत. मला पहिल्याच दिवशी मंडळाचे अध्यक्ष वाणी सर यांनी एका चित्रपटाचं नाव घेऊन तो प्रश्न टाकला. तो चित्रपट कुठला ते इथे सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक 'आम्ही पाहिलाय' म्हणतील आणि उरलेले निम्मे हा लेख खाली ठेवतील. मी म्हणालो, "हो सर. पुण्याला, मामांकडे गेलो होतो तेव्हा." मामांनी मला पुण्यात पर्वती आणि दाताचा डॉक्टर, या दोनच गोष्टी दाखवल्या होत्या. आमच्या घरी तर चित्रपट म्हणजे शाळेने रांगेत नेऊन दाखवलेला संतपट. हिंदी चित्रपटांवर वडिलांची बंदी, त्यामुळे कॉलेजच्या कट्ट्यावरही मी अडाणीच. तिथे मित्र संवाद म्हणायचे आणि मी अर्धा सेकंद उशिरा हसायचो.

माझ्याकडे एक वही होती. तीत दोन रकाने होते. 'पाहिलेले' या रकान्यात अकरा नावं होती. 'पाहिल्यासारखे' हा रकाना चौथ्या पानावर गेला होता.

त्या चित्रपटात म्हणे एक विहिरीचं दृश्य होतं. एक विधवा सात मिनिटं विहिरीतून पाणी काढते, कुणी काही बोलत नाही, आणि त्यात सगळं येतं. वाणी सर या विहिरीवर बोलायला लागले की डोळे मिटून घेत. आता पुढच्या रविवारी या चित्रपटावर मी बोलायचं ठरलं होतं. भाषण चांगलं झालं तर पुण्याच्या महिनाभराच्या रसग्रहण शिबिरासाठी सर माझं नाव कळवणार होते. एक महिना, रोज तीन चित्रपट! माझ्या चौथ्या पानाचा निकाल लागला असता. पण भाषणात कुणी एखादा वाकडा प्रश्न विचारला असता तर शिबिर राहिलं बाजूला, मला जळगावच्या गल्ल्यांतून तोंड लपवून हिंडावं लागलं असतं. तेवढ्यात कळलं की धुळ्याच्या मंडळाने तोच चित्रपट मागवलाय, या रविवारी सकाळी नऊला, एकच खेळ. मी घरी प्रयोगशाळेचं काम आहे असं सांगून पहाटे साडेपाचची बस धरली.

डिसेंबरची थंडी होती आणि माझ्या खिडकीला काच नव्हती. गिरणेच्या पुलावर वारा असा आत आला की शेजारच्या बाईंनी आपल्या पदराबरोबर माझाही मफलर नीट केला. पाळधी गेलं, उजाडायला लागलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच केळीचा हिरवा पट्टा. एरंडोलच्या अलीकडे कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि तीत आमची बस पाऊण तास अडकली. गाडीवान खाली उतरून शेकोटीशी बसले होते, त्यांना काही घाई नव्हती. मी घड्याळ बघत होतो आणि मंडळाने काढलेलं त्या चित्रपटाचं माहितीपत्रक पाठ करत होतो. जो चित्रपट अडीच तासांनी दिसणारच आहे त्याची माहिती कशाला पाठ करायची, हे तेव्हा सुचलं नाही. सवय वाईट असते.

पारोळ्याला एक म्हातारे गृहस्थ चढले. डोक्यावर टोपी, हातात डबा, कोटाच्या बाहीवर बारीक बारीक जळकी भोकं. शेजारच्या बाई एरंडोलला उतरल्या होत्या, त्यांच्या जागी बसले.

"कोठे चालना, भाऊ?"

"धुळ्याला. चित्रपट पाहायला."

"इतला सकायमा?" (एवढ्या सकाळी?)

मी त्यांना समजावून सांगितलं. हा साधा चित्रपट नाही, जगातल्या दहांत याची गणना होते, वगैरे. आवाजही थोडा वाणी सरांसारखा काढला. ते मान डोलावत राहिले आणि मग म्हणाले, "तो मीच लावनार शे."

ते त्या थिएटरचे ऑपरेटर निघाले. सगळे त्यांना नाना म्हणत. तीस वर्षं प्रोजेक्टर चालवत होते. तीस वर्षं, रोज चार खेळ! मी विचारलं, "नाना, मग तुम्ही किती चित्रपट पाहिले असतील?"

"पुरा? एक बी नही."

"म्हणजे?"

"रीळ बदलनं पडस. कार्बन दखना पडस. (कार्बनच्या कांड्या जळून मशीनचा उजेड पडतो, त्यांच्याकडे बघत राहावं लागतं.) बारीक खिडकीमाईन जेवढं दखास तेवढं दखास. (खिडकीतून दिसेल तेवढंच दिसतं.) पिच्चर चांगला का वाईट, ते मी पब्लिकना तोंडवरथीन वळखस." (बाहेर पडणाऱ्या लोकांच्या तोंडावरून ओळखतो.)

हे सांगताना त्यांना तिळभरही लाज वाटली नाही. मला त्यांचा फार राग आला. ज्याची एवढी सोय आहे त्याने असं वागावं!

धुळ्याला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, पण काळजीचं कारण नव्हतं. ऑपरेटर माझ्याच बसमध्ये होता. शिवाय धुळ्याच्या मंडळाचं प्रास्ताविक चालू होतं आणि ते सव्वादहाला संपलं. मंडळाचे चिटणीस देवरे यांनी वीस मिनिटं विहिरीवरच घेतली. मग दिवे मालवले.

चित्रपट काळा-पांढरा, भाषा अनोळखी, खाली इंग्रजी ओळी. पहिला अर्धा तास मी एकही ओळ सोडली नाही. विधवा होती, तिचा अपराधी असलेला एक पुरुष होता, मेंढ्या होत्या, बर्फ होता. वरचे पंखे बंद, अंगात पहाटेचं जागरण. एकदा बर्फ पडत होता आणि लगेच वसंत ऋतू आला, तेव्हा मी दचकून सरळ बसलो. बाई त्या पुरुषाला क्षमा करून मोकळी झाली होती. कधी केली, काही कळलं नाही. मग दोन मेंढ्या टेकडीवर गेल्या आणि दिवे लागले. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

विहीर कुठे गेली?

एवढ्या लांब येऊन मी नेमक्या त्या सात मिनिटांत झोपलो होतो. दुसरं काय असणार? कारण चर्चा सुरू होताच देवरे उठले आणि म्हणाले, "विहिरीच्या त्या दृश्यात काळ थांबला." एक वकील म्हणाले, रहाटाचा आवाज त्यांच्या अजून कानात आहे. एक डॉक्टर म्हणाले, पाणी हे इथे पाणी नाही. सगळ्यांनी विहीर पाहिली होती, एक मी सोडून. आणि मग देवरे म्हणाले, "आज जळगावचे एक अभ्यासू मित्र आपल्यात आहेत."

मी उभा राहिलो. खरं सांगायची ती उत्तम संधी होती. मी म्हणालो, "दुसऱ्यांदा पाहताना विहीर मला अधिक खोल वाटली."

टाळ्या पडल्या. सगळे समोरच्या टपरीवर चहाला गेले. मी पोटदुखीचं निमित्त करून मागे राहिलो आणि लोखंडी जिन्याने केबिनमध्ये गेलो. नाना रिळं डब्यांत भरत होते.

"नाना, एक विचारतो. विहिरीच्या वेळी मला झोप लागली. काय होतं हो त्यात?"

"इहीर? ते रीळ मी लायंच नही." (लावलंच नाही.)

मला आधी अर्थच लागेना. मग नानांनी सांगितलं. बाराला लाईट जाते. देवरेंचं भाषण लांबलं की नानांना कुठलं तरी एक वीस मिनिटांचं रीळ गाळावं लागतं, नाहीतर शेवट राहतो आणि पब्लिक खुर्च्या फोडतं. कोणतं रीळ गाळायचं ते नाना आदल्या दिवशी रिळं उजेडात धरून ठरवून ठेवतात. हिंदी चित्रपटात गाणं गाळता येत नाही, मारामारी गाळता येत नाही, म्हणून आईचं आजारपण गाळतात. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

"त्यामा काय शे? बाई पानी काढस. बठ्ठा लोके पानी काढतस." (सगळेच लोक काढतात.)

"पण नाना, सगळा चित्रपट त्यासाठीच..."

"तू दखेल व्हता का आधी?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी सरळ तोंडाकडे बघून विचारला नव्हता. मंडळात 'पाहिलाय?' विचारणारा उत्तर ऐकायला थांबत नाही, त्याला स्वतःचं बोलायचं असतं. नाना मात्र हातातला डबा खाली ठेवून थांबले होते.

"नाही, नाना. कधीच नाही. बऱ्याच चित्रपटांचं तसंच आहे."

"मंग त्यामा लाज कसानी? मी बी नही दखेल." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सात मिनिटं शेतस. बस खाले."

मी रिकाम्या थिएटरात मधल्या रांगेत जाऊन बसलो. वाटेत दारातून टपरी दिसत होती. देवरे दोन्ही हातांनी रहाट ओढून दाखवत होते. त्यांना बोलवावंसं क्षणभर वाटलं, पण मग त्यांनी आधी काय पाहिलं होतं हा प्रश्न निघाला असता, आणि त्यानंतर मी काय पाहिलं होतं हाही.

पडद्यावर विहीर आली. साधी दगडी, आमच्या आत्याच्या गावाला आहे तशी. बाई आली. तिने बादलीला गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. तिचे हात फुटलेले होते. बादली आत सोडली. दोर सरकत राहिला, सरकत राहिला. बाई एकदाच वाकून आत पाहते, आणि तिचा चेहरा बदलतो. काय दिसलं तिला? मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. माहितीपत्रक, वाणी सर, शिबिर, काही म्हणता काही आठवत नव्हतं. तिने दोर ओढायला सुरुवात केली.

लाईट गेली.

अंधारात वरून नानांचा आवाज आला, "गई."

"नाना! बादली वर आली का?"

"माले काय माहीत, भो?"

थिएटरचं जनरेटर साडेबाराच्या हिंदी खेळासाठी राखलेलं होतं. पेट्या दुपारीच परत जायच्या होत्या. मी बाहेर आलो तर धुळेकरांनी मला जेवायला धरलं. शेवभाजी इतकी झणझणीत की डोळ्यांत पाणी आलं. देवरे वकिलांना म्हणाले, "बघा, अजून त्या विहिरीतच आहेत." त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना.

परतीच्या बसमध्ये मी भाषण रचत होतो. आता माझ्याकडे खरा माल होता. फुटलेले हात, सुटलेली गाठ. अख्ख्या खानदेशात ती गाठ पाहिलेला मी एकटा होतो. थोडं जोर लावून बोललो असतो तर सगळ्यांना गार केलं असतं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि माझं भाषण दर मैलाला अधिक विद्वान होत गेलं. पण ते बादलीपाशी येऊन अडे. तिच्या पुढे मला माहितीपत्रकातलंच वाक्य घालावं लागत होतं, आणि ते आता घालवेना. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. चित्रपटाविषयी असं मला पहिल्यांदाच वाटत होतं. आजवर जे वाटत होतं ती पकडलं जाण्याची भीती होती.

पुढच्या रविवारी हॉल भरला होता. वाणी सर पहिल्या रांगेत डोळे मिटण्याच्या तयारीत बसले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "दोन वर्षांपूर्वी मी हा चित्रपट पाहिलाय असं सांगितलं, ते खोटं होतं. गेल्या रविवारी पाहिला, तोही पुरता नाही." मग धुळ्याचं सगळं सांगितलं. माझं खोल विहिरीचं वाक्यसुद्धा. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. शिबिर गेलं हे मला दिसत होतं. "बाई दोर ओढायला लागते," मी म्हणालो, "तिथे लाईट गेली. बादलीत काय येतं मला माहीत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांनी कृपा करून सांगावं."

ज्यांनी त्या विहिरीवर लेख लिहिले होते ते चपलांकडे बघत होते. शेवटी सगळ्यांच्या माना वाणी सरांकडे वळल्या. सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"मलाही कुणी सांगितलं तर बरं होईल," सर म्हणाले.

त्या वर्षी पुण्याच्या शिबिरासाठी जळगावहून एकच अर्ज गेला. तो सरांनी स्वतःसाठी केला होता. वयाच्या रकान्यात त्यांनी छप्पन्न लिहिलं होतं. "तू पुढच्या वर्षी जा," ते मला म्हणाले, "तुझ्यापाशी वेळ आहे." मग त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि शिफारस करणाऱ्याने सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.