टाइप म्हणजे सॅम्पल नव्हे

पक्षी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत होता. वर थर्माकोलचे तुकडे आणि वडापावचे कागद. पिशवी टेम्पोत चढणार, एवढ्यात मी ती ओढून घेतली.

खांदेश्वरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचं म्युझियम सांभाळते. आमच्या दिवंगत सरांच्या नावाचा हॉल उघडायचा होता. सरांनी उभा जन्म अंदमान-निकोबारच्या पाखरांवर घालवला. होडीतून बेटं पालथी घातली, मलेरिया अंगावर काढला. बेटावर अडकलेलं पाखरू पिढ्यान्‌पिढ्या कसं वेगळं होत जातं, ते दाखवून दिलं. एका तपकिरी पारव्याची नवी जात त्यांनी जगापुढे मांडली, ती पिशवीतल्या याच पक्ष्यावरून. अशा नमुन्याला आम्ही 'टाइप' म्हणतो. पुढे कुणाला शंका आली, तर ताडून बघायला हाच लागतो.

"हा टाइप आहे, जपा," असं मी मीटिंगमध्ये बजावलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. तळवलीच्या आमच्या घरात पहिली पदवी माझी. न समजता मान हलवायची चैन मला कधी परवडली नाही.

हॉलचा इंटिरियर डिझायनर परदेशात शिकलेला. टाइप म्हणजे सॅम्पल, असं त्याने धरलं. त्याच्या धंद्यात माल तयार झाला की सॅम्पल फेकतात. त्याने 'पारवा टाइप' फायबरचा पक्षी बनवून घेतला होता. जांभळा, चमचमता.

"मॅडम, जुना मेल्यासारखा दिसत होता."

"मेलेलाच आहे तो."

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांना सगळे दादा म्हणतात. "अवो मॅडम, नवीन चकाचक हाय ना? मग जुन्याचं टेन्शन कशाला?"

"दादा, हा गेला तर सरांनी काय शोधलं, ते दाखवायला आपल्याकडे काही नाही. मग हॉलला नाव कशाचं देताय?"

दादांनी हातातल्या पत्रिकेवरचं हॉलचं नाव वाचलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

शेपटीची दोन पिसं मोडली, बाकी पक्षी वाचला. तो आता माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे. उद्घाटनाला पाहुण्यांनी फायबरच्या पारव्यासोबत सेल्फी काढला, सरांना 'थोर पक्षीप्रेमी' म्हटलं आणि जेवायला गेले.

हल्ली मीटिंगमध्ये मी 'टाइप' म्हणत नाही. 'पुरावा' म्हणते. आमच्या संस्थेत पुरावा म्हटलं की कुणी हात लावत नाही.