एका वेळी एकच गोष्ट

माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे करणारा. ऑफिसात त्याचं कौतुक होतं. घरात त्या स्वभावापायी काय झालं, ते आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

माझे बाबा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. परीक्षानळ्या धुणं, रसायनांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं यात त्यांची नोकरी गेली, आणि मुलांना शिकवायचा मान नसला तरी विज्ञान त्यांच्या अंगात मुरलं होतं. निवृत्त झाल्यावर एकदा आमच्या गावातल्या द्वारका नावाच्या चौकातून येताना ते पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी एक तपकिरी पिल्लू घेऊन आले. आईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची जुनी सुती साडी फाडून त्याला अंथरूण केलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. घरात ते आता कोणी उच्चारत नाही, मग कागदावर तरी कशाला.

वर्षभराचा झाला आणि तो खाजवायला लागला. पोट लाल व्हायचं, कानामागचे केस गेले, पंजे तर चाटून चाटून कायम ओले. शेजारच्यांनी खरूज ठरवली आणि कडुलिंबाचं पाणी सुचवलं. मी म्हणाले, एक इंजेक्शन द्या आणि सुटा. प्राण्यांच्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं की ही अॅलर्जी दिसते, बहुतेक खाण्यातली, आणि कशाची ते घरच्यांनाच धीर धरून शोधावं लागेल.

धीर हा बाबांचाच प्रांत. त्यांनी आधी दूध बंद केलं. दीड-दोन महिने थांबले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी, दिवसभरात तो जितकं खाजवेल त्या मानाने पेन्सिलीच्या रेघा ओढायचे. दुधाने काही फरक पडेना, तेव्हा दूध पुन्हा सुरू केलं आणि कोंबडी बंद केली. मग पुन्हा तितकेच दिवस. मी चिडवायचे, ‘बाबा, कुत्र्यावर पीएचडी करताय का?’ ते हसायचे नाहीत. म्हणायचे, ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर बघत बसायचं. बघणं सोडलं तर तो नुसता अंदाज.’

शेवटी सापडलं ते गहू. आपली साधी पोळी, जी आई रोज कौतुकाने दुधात कुस्करून घालत होती. पोळी बंद झाल्यावर रेघा कमी होत गेल्या आणि एक दिवस चौकोन कोरा राहिला. त्या दिवशी बाबांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले. तेव्हापासून आईची ज्वारीची शेवटची भाकरी लहान असायची, बशीएवढी. ती त्याची.

बाबा एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दहाव्याला नदीवर गुरुजी आईला म्हणाले, जमेल तसा मुक्या जिवांना दाणा घालत जा. त्यांनी सहज सांगितलं असेल, पण आईने ते व्रत म्हणून घेतलं. रोज सकाळी अंघोळ झाली की गॅलरीच्या कठड्यावर मूठभर ज्वारी. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आठवडाभरात कबुतरांना खबर लागली आणि महिन्याभरात गॅलरी त्यांची झाली. आई रोज विष्ठा खरवडून काढायची, केरसुणीने पिसं गोळा करायची, आणि दुसऱ्या दिवशी परत दाणे. त्यांतलं एक कबूतर मान तिरकी करून बघायचं. आई म्हणायची, ‘हे असेच बघायचे गं पेपर वाचताना.’ मी तिला हसले नाही. बाबांना जाऊन चार महिने झाले होते आणि तिला दिवसातून एकदा कुणासाठी तरी काही करायचं होतं, एवढं मला कळत होतं.

गणपतीच्या सुमाराला तिला कोरडा खोकला लागला. मग जिना चढताना दम. दिवाळीपर्यंत ती दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, ‘घरात काही पाळलेलं आहे का?’

मी म्हणाले, ‘कुत्रा आहे.’

आईनेही मान डोलावली. कबुतरं आम्हा दोघींच्याही मनात आली नाहीत. ती कुठे आम्ही पाळली होती? ते तर पुण्य होतं.

डॉक्टर म्हणाले, कुत्र्याच्या कोंड्याची, लाळेची अॅलर्जी असू शकते, काही आठवडे लांब ठेवून बघा. बघा म्हणाले होते. मी बघितलं नाही, मी निकालच लावला. वणीजवळ माझ्या मामेभावाची शेती आहे. त्याला रस्त्यातूनच फोन केला. तो म्हणाला, ‘आण की ताई. हितं मोकळं हिंडल.’

आई एवढंच म्हणाली, ‘सहा वर्षं माझ्या पायाशी झोपतोय तो. तेव्हा कुठे होता खोकला?’

मी तिच्यावर खेकसले. ‘तुला जास्त कळतं का डॉक्टरांना?’ बाबांनी जे शिकवलं ते नेमकं तीच विचारत होती, आणि प्रयोगशाळेत तर तिने कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. ते खेकसणं मला अजून ऐकू येतं.

रविवारी त्याला गाडीत घालून मीच नेलं. खिडकीतून तोंड बाहेर काढून तो सगळा रस्ता खुशीत होता. मामीने दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी निघायच्या घाईत तिला सांगितलं, ‘याला पोळी नका घालू हं. भाकरीच बरी.’

मामी हसली. ‘आसू दे बाई. पाव्हण्याला काय भाकर घालायची का?’

तिथे रोज बाजरीची भाकरी आणि पाहुणा आला की गव्हाची पोळी, वर तूप. पाहुण्याने ‘नको नको’ म्हणायचं आणि यजमानाने वाढायचं, ही तर आपली रीतच. माझं ‘नका घालू’ त्यांनी त्या रीतीतलंच धरलं. नणंदेच्या घरचं कुत्रं, शहरातून आलेलं, आणि नणंद आता विधवा. त्याला भाकरी घातली तर चार माणसांत काय राहिलं? मी परत फिरून नीट समजावायला हवं होतं. अॅलर्जी हा शब्द तरी उच्चारायला हवा होता. पण मला अंधाराच्या आत घरी पोचायचं होतं.

घरी खोकला थांबला नाही. मी म्हणाले, केस राहिलेत घरात. सोफा काढून टाकला. पडदे बदलले. रंग दिला. त्याचं साडीचं अंथरूण आईने ट्रंकेत दडवलेलं मला सापडलं, तेही मी फेकलं. एका वेळी दहा गोष्टी बदलत होते आणि बघत काहीच नव्हते. आई रोज सकाळी धापा टाकत गॅलरीत जायची, दाणे घालायची, खरवडायची.

दर रविवारी ती भाच्याला फोन लावून विचारायची. तो म्हणायचा, ‘मजेत हे आत्या. पोरं खेळत्यात त्याच्यासंग.’ भेटायला जायचं मी टाळत होते. गेलो तर तो गाडीमागे धावेल आणि तुला ते बघवणार नाही, असं मी आईला सांगितलं. खरं तर मलाच बघवलं नसतं.

पुढच्या नवरात्रात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर बाई होत्या. त्यांनी पाळीव प्राण्यांचं काही विचारलंच नाही. आईला म्हणाल्या, ‘सकाळी उठल्यापासून काय काय करता, सगळं सांगा.’ आईने सांगितलं. उठते, चहा करते, अंघोळ, मग कबुतरांना दाणे. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जाते, काहींच्या फुप्फुसांना ती सोसत नाही, सूज येते. दाणे आजपासून बंद, गॅलरीला जाळी. काही भाग सुधारेल, काही नाही. ‘वर्षभर आधी कळलं असतं तर बरं झालं असतं,’ त्या म्हणाल्या. माझी मान वर होईना.

रिक्षात आईने माझा हात धरला. मला वाटलं, ती दाण्यांसाठी रडेल. ती म्हणाली, ‘म्हणजे आता त्याला आणता येईल.’ कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. ‘त्याचा काही दोष नव्हता बिचाऱ्याचा. उद्याच जाऊ या?’

मी घरी पोचताच फोन लावला. मामेभावाने आधी आईची तब्येत विचारली. मग म्हणाला, ‘ताई, ते गेलं. पोळ्याच्या आधीच. लय खाजवायचं. पावसात जखमा चिघळल्या, किडे पडले. डॉक्टर आणला, सुया मारल्या, नाय वाचलं. आत्याला सांगायला जीभ उचलली नाय, म्हणून खोटं बोलत राहिलो.’ मागून मामीचा रडका आवाज आला, ‘आमी काय कमी नाय केलं गं. रोज तूप-पोळी घालत होतो.’

मी म्हणाले, ‘हो मामी, मला माहीत आहे.’ त्यांना गव्हाचं पुन्हा सांगितलं नाही. ते ओझं माझं आहे, त्यांच्या अंगावर कशाला टाकू?

आईला सांगितलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं की शेवटी त्याच्याजवळ कोणी होतं का. मी हो म्हणाले. खरं काय ते मी विचारलंच नव्हतं.

गॅलरीला जाळी लागली. पहिले काही दिवस कबुतरं बाहेरून जाळीला धडका देत राहिली आणि आई स्वयंपाकघरात दार लावून बसायची. त्या तिरक्या मानेच्या कबुतराबद्दल ती एकदाही बोलली नाही. मी कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा ओढायला लागले. प्रत्येक उबळीला एक रेघ. यावेळी बाकी काही बदललं नाही. नुसती बघत बसले, बाबांसारखी. बारा, नऊ, दहा, सहा. महिने गेले. भाकऱ्या झाल्यावर परातीत उरलेलं पीठ आई अजूनही वेगळं थापते, बशीएवढं. ती भाकरी आता मी खाते.

परवा दिवसभरात आई एकदाही खोकली नाही. संध्याकाळी मी तिला हाताला धरून कॅलेंडरपाशी नेलं आणि तो कोरा चौकोन दाखवला. तिने चष्मा लावून निरखून पाहिला. त्यावरून बोट फिरवलं.

‘यांनी आज पेढे आणले असते,’ ती म्हणाली. मग चष्मा काढत, ‘आणि तो पिशवीत तोंड घालायला धावला असता.’

मी हो म्हणाले आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल परत कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली.