रायलीने हातोडा खाली ठेवला

रायली राउतिओलाची कॅनडात, थंडर बे गावात, बेकरी होती. तिच्या वेलदोड्याच्या पावासाठी गावातली फिनिश म्हातारी मंडळी सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेर उभी असायची. अशी ही पीठ मळणारी बाई हेलसिंकीत, जगभरच्या फिनिश मंडळांच्या सभेत, थेट अध्यक्षाच्या खुर्चीत बसली. कशी? अहो, अध्यक्ष ऐन वेळी आजारी पडले, आणि उपाध्यक्षपद कुणीच घेईना म्हणून हिने घेतलं होतं. आता भोगा!

समोर सभागृह गच्च भरलेलं. 

प्रस्ताव समितीचा होता. ज्या मंडळांत मोजकीच माणसं उरलीत, त्यांची सभेतली जागा काढायची आणि ती मंडळं शेजारच्या मोठ्या मंडळात विलीन करायची. इथे हात वर करायची वेळ क्वचितच येते. अध्यक्ष विचारतो, कुणाचा विरोध? कुणी बोललं नाही की हातोडा पडतो, आणि एकदा पडला की ब्रह्मदेव आला तरी ठराव बदलत नाही.

"आटप गं, कॉफी निवतेय," शेजारून चिटणीस मार्केट्टा कुजबुजली.

"कुणाचा विरोध?" रायलीने विचारलं. शांतता. तिने हातोडा मारला.

आणि मग तिला शेवटच्या रांगेतला टाउनो हिएताला दिसला. आर्जेन्टिनातल्या मिसिओनेसच्या जुन्या फिनिश वसाहतीतला म्हातारा. खुर्चीच्या पाठीला धरून अर्धवट उठलेला.

"मी बोलणार होतो," तो म्हणाला. चिडला नव्हता, म्हणूनच रायलीला जास्त लागलं.

"मग बोलायचं होतंत की!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"विचार करत होतो."

रायलीचा बापही असाच होता. काही विचारलं की आधी खिडकीबाहेर बघायचा, आणि सगळं घर मुकाट्याने थांबायचं. कॅनडात जरा थांबलं की पुढचं गिऱ्हाईक बोलायला लागतं. थांबायचं असतं हेच ती विसरून गेली होती!

"ठोकलं ते ठोकलं, रायली. नियम आहे," मार्केट्टा म्हणाली.

"नियम मला पाठ आहे गं. चूक माझी आहे." तिने माईक ओढला. "मंडळी, मी घाई केली. ठराव पुन्हा उघडायचा तर सगळ्यांची संमती लागते. एकाचाही विरोध असेल तर हातोडा पडला तो पडला. कुणाचा विरोध?"

तिने हातोडा खाली ठेवला आणि हात मांडीवर घट्ट धरून बसली, न जाणो पुन्हा घाई करतील.

कुणी बोलेना. समितीच्या प्रमुखाने, व्हेसा लाउरोनेनने, हा प्रस्ताव अख्खा हिवाळा खपून लिहिला होता. त्याने एका शब्दाने विरोध केला असता तरी ठराव कायम राहिला असता. तो चष्मा पुसत राहिला. एरवी झेंडा कुठे लावायचा यावरून हमरीतुमरीवर येणारी ही माणसं, केवढ्या लांबून आलेली, आणि एका म्हाताऱ्याला बोलता यावं म्हणून सगळी गप्प बसलेली! एवढं मोठं काही रायलीने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"ठराव उघडला," शेवटी ती म्हणाली आणि तिने हातोडा हलकेच टेकवला. "बोला टाउनो. सावकाश."

त्याची भाषा आजोबांच्या काळातली होती, हेलसिंकीत आता कुणी बोलत नाही अशी.

"आमच्या मंडळात आता मी एकटाच. बायको गेली, भाऊ गेला. पोरं गुणी आहेत, पण स्पॅनिश बोलतात. ही भाषा मी घरी गायींशी बोलतो." दोघं-तिघं हसले. "हसा. गायी ऐकतात हो, पण उत्तर देत नाहीत. इथे आलं की उत्तर मिळतं. म्हणून जागा हवी."

एवढं बोलून तो खाली बसला. व्हेसा उठला. "समिती प्रस्ताव मागे घेते," तो म्हणाला.

"कुणाचा विरोध?" रायलीने विचारलं. या वेळी ती अशी थांबली की मार्केट्टाची कॉफी पार गार झाली. मगच हातोडा पडला.

सुट्टी झाल्यावर ती पाव घेऊन टाउनोजवळ जाऊन बसली. "गायींची नावं काय हो?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. ती थांबली.

"मान्सिक्की," तो म्हणाला. "आणि मुस्टिक्की."

"अगंबाई! माझ्या आईच्या गायीचं नावही मान्सिक्कीच होतं," रायली म्हणाली. "मारकी होती मेली!"

टाउनोने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे भरून आले.