चिलटांना धुरी

मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली आणि उजव्या डोळ्यावर पुन्हा धुकं धरलं. डावा काचबिंदूने आधीच गेलेला. जे काय जग उरलं होतं ते या एका डोळ्यावर.

अलिबागचे डॉक्टर म्हणाले, "आजी, मोतीबिंदू परत येत नसतो. बसवलेल्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झालीय. लेझरने तिला भोक पाडायचं, पाच मिनिटांचं काम."

"आणि धोका?" मी गोड बोलण्याला भुलणारी नव्हे.

"डोळ्याचा दाब वाढू शकतो, त्याला थेंब देऊ. थोडे दिवस काळे ठिपके तरंगतील. क्वचित कुणाचा आतला पडदा सुटतो, मग नजर जाऊ शकते. ठिपके एकदम वाढले, उजेड चमकला, तर त्याच पावली या."

मुलगा पुण्याला. फोनवर म्हणाला, "करून टाक गं आई. काही झालंच तर मी येतोच." गणपतीनंतर तो फिरकलेला नव्हता.

केलं लेझर. चौलच्या घरी आले तर काय लख्ख दिसत होतं! भिंतीवरची जळमटंसुद्धा. इतके दिवस मी त्या घाणीत राहत होते आणि सांगायला कुणी नाही.

पुढच्या आठवड्यात चिलटं झाली. कोपऱ्यात केळ्यांचा घड पिकत ठेवलेला, म्हटलं त्याचीच. आमच्याकडे चिलटांवर एकच औषध, नारळाची सोडणं पेटवून धुरी करायची. केली. मेली हटेनात! केळी वाटून टाकली, पुन्हा धुरी केली, खोकून खोकून जीव गेला, तरी आपली नाकासमोर नाचतायत. मोठमोठ्याने शिव्या घातल्या त्यांना. खरं सांगते, त्या दिवसांत घरात मी बोलले ती त्यांच्याशीच.

धूर बघून शेजारची सून धावत आली. "काकी, काय जाळताव?"

"चिलटं बघ ना किती!"

ती दारात उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली. "काकी, हितं एक पन चिलट न्हाय."

मला डॉक्टरांनी सांगितलेले काळे ठिपके आठवले. तिनेच रिक्षा बोलावून मला बसवलं. रिक्षातून मुलाला कळवलं आणि मग वाटभर देवाला म्हणत राहिले, एवढा एक डोळा ठेव रे बाबा. अंधारात, तेही एकटीने, कसे दिवस काढू?

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. "पडदा शाबूत आहे. पण उशीर केलात, आजी. घरात कुणाला तरी विचारायचं होतंत."

सुटकेने रडूच फुटलं. आणि त्याच दमात मनात आलं, पडदा थोडासा सुटला असता तर मुलगा आला असता. जळो मेलं माझं मन!

बाहेर बाकावर बसून फोन लावला. "सगळं ठीक आहे म्हणाले."

"बरं झालं. मी रजा टाकतच होतो. मग आता यायला नको ना?"

"नको," मी म्हटलं. "कशाला उगाच धावपळ."